‘दादा, बेस येत नाही’: मोठा ॲम्प विकण्याआधी ही सहा कामं करा

कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणता ना? मग एका वाक्याची आत्तापासून सवय करून घ्या. "दादा, सबवूफर बसवलाय, पण बेस येत नाही." दुसरा येतो तो म्हणतो, "बेस येतोय, पण नुसतं भसभस वाजतंय." आमच्या कराडच्या दुकानात असा एक दिवस जात नाही.

ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांना मी विचारतो, अशा गिऱ्हाइकाला काय सांगाल? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "सर, मोठा ॲम्प दाखवू." मी पण तेच करायचो. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगतो, मग तपासायची पद्धत सांगतो. व्हिडिओत हात कसा चालवायचा ते दाखवलंय, इथं आकड्यांसकट लिहून देतोय. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

नऊ हजारांचा ॲम्प आणि दोन वायरी

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. टुरिस्ट गाडी चालवणारा एक मुलगा आला. सेडान गाडी, डिकीत दहा इंची दोन वूफर एकाच बॉक्समध्ये. म्हणाला, "दादा, पहिल्यासारखी धमक राहिली नाही." मी डिकी उघडली, गाणं लावलं, पाच सेकंद ऐकलं आणि निदान सांगून टाकलं: ॲम्प कमी पडतोय. नऊ हजारांचा ॲम्प विकला.

आठ दिवसांनी तो परत आला. आवाज वाढला होता, धमक नव्हतीच. मी म्हटलं, आता बॉक्स बदलावा लागेल. तो "बघतो" म्हणून गेला. नंतर कळलं, दुसऱ्या गावातल्या एका मिस्त्रीनं एका वूफरच्या प्लस-मायनस वायरी अदलाबदल करून दिल्या. पाच मिनिटांचं काम, शंभर रुपये.

झालं असं होतं, की पॅसेंजरच्या बॅगांना जागा हवी म्हणून त्यानं एकदा बॉक्स बाहेर काढला होता, वायरी सोडल्या होत्या. परत लावताना एक वूफर उलटा जोडला गेला. एक वूफर हवा पुढं ढकलतोय, दुसरा त्याच वेळी मागं ओढतोय. दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो. अशा जोडणीला कितीही मोठा ॲम्प लावा, जास्त ताकदीनं खाणार, एवढंच.

तो मला हे सांगायला मुद्दाम आला. भांडला नाही. फक्त म्हणाला, "दादा, पैशाचं राहू द्या. पण तुम्ही बघितलंच नाहीत."

मी ॲम्प परत घेतला, पैसे दिले. पण तो ज्या स्टँडवर गाडी लावतो तिथं रोज वीस-पंचवीस गाड्या उभ्या असतात. तिथं माझ्याबद्दल काय बोललं गेलं असेल, हे सांगायला कोणी दुकानात येत नाही. लहान गावात धंदा असा शांतपणे जातो.

त्या दिवशी मी त्याला एक प्रश्न विचारला असता, तर सगळं टळलं असतं.

काम पहिलं: दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: "आधी चांगलं वाजत होतं का?" उत्तर "हो" असेल, तर काहीतरी सुटलंय, उलटं जोडलंय, सेटिंग बदललंय किंवा जळलंय. नवीन माल विकायचा विचारच करू नका. मग विचारा, "ते बिघडलं त्याच्या आसपास गाडीत काय काम झालं?" बॅटरी बदलली, सीट कव्हर टाकलं, डेंटिंग-पेंटिंगला गाडी गेली, बॉक्स काढला. अर्धं निदान या उत्तरातच मिळतं. उत्तर "पहिल्यापासून असंच आहे" आलं, तर जोडणी, बॉक्स किंवा वस्तूंची निवडच चुकलेली असण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न: "बेस कमी आहे, की घाण आहे?" कमी म्हणजे ताकद वूफरपर्यंत पोचत नाही, किंवा पोचून वाया जाते. घाण म्हणजे ताकद पोचते, पण नको ते सूर वाजतात, आवाज फाटतो किंवा घुमतो. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

आणि ऐकायचं ते आत सीटवर बसून, काचा आणि डिकी बंद करून. डिकी उघडी ठेवून डेमो देऊ नका. गिऱ्हाईक डिकीत बसून गाणी ऐकत नाही.

काम दुसरं: फुकटात होणाऱ्या गोष्टी

स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जा. सबवूफर आउटपुट चालू आहे का? सब लेव्हल मायनसमध्ये गेलीय का? बॅटरी काढल्यावर काही स्टिरिओंची सेटिंग पुसली जातात आणि बिचारा वूफर उगाच बदनाम होतो. ब्लूटूथवर ऐकत असेल, तर फोनचा आवाज पूर्ण ठेवा आणि फोनमधला इक्वलायझर बंद करा.

मग ॲम्पवर किंवा स्टिरिओत फेजचं बटण असतं, ० आणि १८०. गाणं चालू ठेवा, सीटवर बसा आणि हेल्परला ते बदलायला सांगा. ज्या बाजूला बेस भरीव वाटतो, ती बाजू बरोबर. सबवूफर आणि दरवाजाचे स्पीकर एकमेकांविरुद्ध चालत असले, तर इथंच पकडले जातात.

काम तिसरं: दीड व्होल्टचा सेल

माझ्या खिशात आता कायम एक पेन्सिल सेल असतो. ॲम्प बंद करा, वूफरच्या वायरी ॲम्पकडून सोडवा. सेलचं प्लस वूफरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेरच्या बाजूला हलला पाहिजे. हालचाल बारीक असते, म्हणून वर हलकेच बोटं ठेवा. दोन वूफर असतील, तर दोन्ही एकाच दिशेला हलले पाहिजेत. माझ्या त्या नऊ हजारांच्या प्रकरणाचं उत्तर या सेलमध्ये होतं.

आता मल्टिमीटर ओहमवर ठेवा. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.८ दाखवते. काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटलीय. आकडा खूपच कमी असेल किंवा जळका वास येत असेल, तर कॉइल भाजलीय. इथं नवीन वूफर विकायला हरकत नाही, पण तो का जळला हे शोधल्याशिवाय विकू नका. नाहीतर दुसराही जळेल आणि नाव तुमचं होईल.

दोन कॉइलच्या वूफरमध्ये नवीन मुलं हमखास फसतात. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या तर २ ओहम होतात, सिरीजमध्ये जोडल्या तर ८. ॲम्प २ ओहमवर चालवायचा होता आणि जोडणी ८ ची झाली, तर पॉवर साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. उलट, ॲम्प किमान ४ ओहमचा आणि जोडणी २ ची केली, तर तो तापून प्रोटेक्शनला जातो. दोनपैकी एक कॉइल उलटी लावली, तर वूफर स्वतःशीच भांडतो. ॲम्पच्या पुस्तिकेत किमान ओहम लिहिलेले असतात. आधी तो आकडा वाचा, मगच वायर कापा.

काम चौथं: वीज पोचते का?

इंजिन चालू करा. बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर हुशार असतो, आकडा खालीवर होतो. त्यामुळे एकट्या आकड्यावर जाऊ नका, फरक मोजा. बेस जोरात वाजत असताना बॅटरीवर किती आणि ॲम्पच्या टर्मिनलवर किती? बॅटरीवर १३.८ आणि ॲम्पवर ११.८ असेल, तर दोन व्होल्ट रस्त्यात सांडतायत.

कुठं सांडतायत तेही मीटर सांगतो. डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ॲम्पच्या मायनसला लावा. बेस वाजताना इथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब. तसंच प्लसपासून प्लसपर्यंत मोजा. तिथं जास्त दिसलं, तर केबल, फ्यूज होल्डर किंवा जॉइंट खराब.

अर्थिंगमध्ये चूक बहुतेक एकाच ठिकाणी असते: रंगावरच स्क्रू मारलेला. रंग वीज सोडत नाही. पॉलिश पेपरनं घासून चकचकीत पत्रा उघडा करा, थिंबल नीट दाबून बोल्टनं कसा, वरून ग्रीस किंवा रंग लावा म्हणजे गंजणार नाही. वायर जमेल तितकी आखूड आणि प्लसच्या केबलइतकीच जाड ठेवा. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप असू शकतो.

केबलचं एक टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. स्वस्त किटमध्ये हीच येते. चालते, पण मग जास्त जाड घ्यावी लागते. आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. तो बेससाठी नाही, गाडी पेटू नये म्हणून असतो. दुसऱ्यानं बसवलेल्या गाडीत तो दिसला नाही, तर गिऱ्हाइकाला दाखवा आणि आधी तो बसवा.

ॲम्पच्या खोक्यावरच्या आकड्याला पण भुलू नका. खोक्यावर १००० वॉट, आणि ॲम्पला फ्यूज ३० ॲम्पिअरचा. हिशोब करा: ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॉट. आत जाणारच एवढं, मग बाहेर हजार कुठून येणार? थोडी उष्णतेत गेली की क्लास डी ॲम्पमधून तीन-सव्वातीनशे निघतात. विकताना हा हिशोब गिऱ्हाइकासमोर करून दाखवा. तुमच्या शब्दाला वजन येतं.

काम पाचवं: सेटिंग, म्हणजे घाण बेसचं मूळ

"भसभस वाजतंय" म्हणणाऱ्या बऱ्याच गाड्यांत माल ठीक असतो, बटणं चुकलेली असतात.

लो पास फिल्टर साधारण ८० हर्ट्झवर आणा. तो १५० च्या वर असेल, तर गायकाचा आवाज डिकीतून यायला लागतो. दरवाजाच्या स्पीकरना त्याच ८० च्या आसपास हाय पास लावा, म्हणजे दोघं एकच सूर दोन ठिकाणांहून वाजवणार नाहीत. पोर्टवाला बॉक्स असेल तर सबसॉनिक फिल्टर २५ ते ३० हर्ट्झवर. त्याखाली कोनला हवेचा आधार राहत नाही, नुसता फडफडतो.

बेस बूस्ट शून्यावर. गिऱ्हाइकाला हे आवडत नाही, पण समजावून सांगा. १२ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या सुराला १६ पट पॉवर मागणं. ॲम्प ती देऊ शकत नाही, मग आवाज फाटतो आणि फाटलेल्या आवाजानं कॉइल तापते.

गेन हे आवाज वाढवायचं बटण समजलं जातं. ते खरं तर स्टिरिओ आणि ॲम्प यांची जुळणी करण्यासाठी असतं. लावायची पद्धत अशी: वूफरच्या वायरी सोडा, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट करा, आवाज पाऊण ठेवा आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा. घरची वीजही ५० हर्ट्झचीच असते, त्यामुळे साधा मीटरसुद्धा हे नीट मोजतो. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. ३०० वॉट आणि ४ ओहम असेल तर १२०० चं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट. तोच ३०० वॉटचा ॲम्प २ ओहमवर असेल तर २४.५. तिथं आला की गेन थांबवा. वॉट धरताना आरएमएस धरा, तोही ॲम्प आणि वूफर यांत ज्याचा कमी असेल त्याचा.

काम सहावं: बॉक्स आणि गाडी

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं, तरच बॉक्सकडे वळा. वूफरच्या कागदावर किती लिटरचा बॉक्स हवा ते लिहिलेलं असतं. सुतार बाहेरून माप घेतो आणि गडबड होते. बाहेरून ४० बाय ३५ बाय ३० सेंटिमीटर म्हणजे ४२ लिटर. पण १८ मिलिमीटरचं एमडीएफ वापरलं, तर आतून ३६.४ बाय ३१.४ बाय २६.४, म्हणजे फक्त ३० लिटर. त्यातून वूफरनं स्वतः व्यापलेली जागा वजा जाते. लहान पडलेल्या सीलबंद बॉक्समध्ये खोल बेस मरतो आणि वरचाच बेस टणटण वाजतो.

सीलबंद बॉक्सच्या सांध्यांजवळ, बेस चालू असताना, पेटलेली उदबत्ती अंतर ठेवून फिरवा. धूर झटके खायला लागला तिथं गळती. सिलिकॉन लावा, ट्यूब संपायच्या आत काम होतं.

हॅचबॅकमध्ये वूफरचं तोंड मागच्या दरवाजाकडं करून ऐका, मग सीटकडं करून ऐका, चांगलं वाटेल ते ठेवा. सेडानमध्ये डिकी वेगळी खोली असते, बेस तिथंच कोंडतो. मागच्या सीटकडून आवाजाला आत यायला वाट आहे का बघा. आणि नंबर प्लेट, डिकीचं झाकण, जॅक, स्टेपनी हातानं दाबून ऐका. कित्येकदा "घाण बेस" म्हणजे थडथडणारी नंबर प्लेट असते.

मग कमवायचं कशातून?

तुमच्या मनातला प्रश्न मला माहीत आहे. सर, सगळं पाच-पन्नास रुपयांत दुरुस्त झालं, तर दुकानाचं भाडं कोण देणार?

तपासणीचे पैसे घ्या. मी ३०० रुपये घेतो, गाडीला हात लावायच्या आधी सांगून. पाऊण तास, ही सहा कामं, आणि जॉब कार्डवर प्रत्येक मापाचा आकडा. बिघाड सापडला की काम दुरुस्तीचं आहे की नवीन मालाचं, दोन्हीचा भाव लिहून देतो. गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं बघायचे पैसे?" मी म्हणतो, "काका, न बघता विकलं तर तुमचे नऊ हजार जातील. हे तीनशे त्यासाठी आहेत." काही जण निघून जातात. जाऊ द्या.

फी घेतल्यामुळे माझ्यात पण फरक पडला. आधी माल विकला तरच कमाई होती, त्यामुळे माझे कान मोठा ॲम्पच ऐकायचे. आता वायर उलटी निघाली तरी माझ्या वेळेचे पैसे मिळालेले असतात, म्हणून खरं बोलणं परवडतं. प्रामाणिकपणा टिकवायचा असेल, तर त्याची सोय धंद्याच्या हिशोबात करून ठेवावी लागते. नुसत्या चांगल्या मनावर तो महिनाअखेरीपर्यंत टिकत नाही, भाड्याची तारीख जवळ आली की डळमळतो. माझा डळमळला होता.

आणि माल विकलाच जात नाही असं नाही. मीटरवर दोन व्होल्टची गळती गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली, की तांब्याच्या केबलच्या भावावर तो घासाघीस कमी करतो. वूफर खरंच जळलेला असेल, तर मीटरच ते सांगतो. तुम्हाला पटवत बसावं लागत नाही.

तुमचं दुकान कार ऑडिओचं नसेल, मोबाईल रिपेअरिंगचं असेल, मोटार रिवाइंडिंगचं किंवा आरओ फिल्टरचं, तरी हेच लागू आहे. आधी विचारा, मग फुकटातलं तपासा, मग मोजा, आणि सगळ्यात शेवटी विका.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त येणारी एक तक्रार घ्या. ती तपासायच्या पायऱ्या स्वस्तापासून महागापर्यंत एका कागदावर लिहा आणि तो काउंटरच्या मागं चिकटवा. हेल्परला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

तो टुरिस्टवाला मुलगा अजून त्याच स्टँडवर असतो. माझ्या दुकानात परत आलेला नाही. समोरून गाडी गेली की हात करतो, मीही करतो. आवाज मात्र मस्त आहे त्याच्या गाडीचा, काचा बंद असल्या तरी कळतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.